जुनी गाडी शोरूमला देताना: 'गाडीला किती' नाही, 'वर किती' ते विचारा

मांजराकाठचा, लातूर

मंडळी, नमस्कार. घरात माणसं वाढली, डिझायर पुरेना, म्हणून सात सीटर सीएनजी घ्यायचं ठरलंय. जुनी गाडी २०१८ ची डिझेल डिझायर, एमएच-२४ पासिंग, सिंगल हँड, ९८ हजार चाललेली, सगळी सर्व्हिस कंपनीतच. एकाच कंपनीच्या दोन शोरूमची कोटेशनं आणली आणि घरात दोन पार्ट्या पडल्या. बहुमताचं म्हणणं, दुसऱ्या शोरूमला जायचं, तिथं गाडीला ५५ हजार जास्त देतायत. मग मी कागद घेऊन बसलो. नव्या गाडीची एक्स-शोरूम किंमत आणि आरटीओ टॅक्स दोन्हीकडे सारखा, तो बाजूला ठेवतो. जे वेगळं आहे तेवढंच लिहितो.

पहिलं शोरूम. जुन्या गाडीचे ३,७०,०००. एक्स्चेंज बोनस वेगळा, २५,०००. नव्या गाडीवर सूट ३५,०००. इन्शुरन्स ४१,०००. ॲक्सेसरीज घ्या नाहीतर राहू द्या.

दुसरं शोरूम. जुन्या गाडीचे ४,२५,०००, पण बोनस त्यातच धरलेला. सूट शून्य, कारण 'या मॉडेलला वेटिंग आहे सर'. इन्शुरन्स ५७,०००. ॲक्सेसरीजचं पॅकेज २४,०००, नको म्हटलं की डिलिव्हरीची तारीख पुढं सरकते. वर हँडलिंग म्हणून ६,५००.

आता बघा. पहिल्याकडे मला ४,३०,००० मिळतात, त्यातले ४१,००० जातात, उरले ३,८९,०००. दुसऱ्याकडे ४,२५,००० मिळतात, ८७,५०० जातात, उरले ३,३७,५००. म्हणजे ज्यानं गाडीला ५५ हजार जास्त दिले तोच मला ५१,५०० नं महाग पडतोय.

सेल्समनचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'सर, गाडीला किती अपेक्षा आहे?' तुम्ही आकडा सांगितला की तो मान्य करायला त्याला काहीच अडचण नसते. एका रकान्यात वाढवलेले पैसे चार रकान्यांतून परत काढता येतात. म्हणून मी आता एकच विचारतो. माझी गाडी ठेवा, नवी द्या, वर किती? आणि तो आकडा शोरूमच्या छापील कागदावर, शिक्क्यासकट. त्याच्याही आधी नव्या गाडीचं कोटेशन 'जुनी गाडी पुतण्याला देतोय' असं सांगून घ्यायचं. एक्स्चेंजचं नाव नंतर काढायचं.

आता माझा प्रश्न. पहिल्या शोरूमचे ३,७० तरी बरोबर आहेत का? औसा रोडचा ब्रोकर ४,१५ म्हणतोय. ऑनलाइन कंपनीचा माणूस घरी येऊन बघून गेला, तो ४,०५ वर अडलाय. शोरूमला कुठपर्यंत ताणता येईल?

गोदातीर, नांदेड

दादा, हिशेब एक नंबर. इन्शुरन्सचं मात्र तपासून घ्या. बाहेरचं कोटेशन मागताना लोक एक वर्षाचं मागतात आणि शोरूमच्या आकड्याशी ताडतात. नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांची घ्यावीच लागते, सप्टेंबर २०१८ पासून. म्हणून बाहेरही एक वर्ष स्वतःच्या नुकसानीचं आणि तीन वर्षं थर्ड पार्टी असंच मागा, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सारखी धरून. पॉलिसी आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती शोरूमला करता येत नाही. हे त्यांनाही माहीत असतं, म्हणून बाहेरचा कागद टेबलावर ठेवला की ५७ चे ४४ पटकन होतात.

माजी इव्हॅल्युएटर, छ. संभाजीनगर

जालना रोडवरच्या एका शोरूममध्ये काही वर्षं जुन्या गाड्या तपासून भाव काढायचं काम केलं. आता धंदा दुसरा आहे, त्यामुळं मोकळेपणानं लिहितो.

तुमची गाडी शोरूम बहुतेक वेळा स्वतःकडे ठेवतच नाही. आम्ही फोटो, आरसी, इन्शुरन्स आणि मीटरचा आकडा ब्रोकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो. मोठ्या कंपन्यांची बोलीची पोर्टलंही आहेत. तुम्ही केबिनमध्ये चहा पीत असता तेवढ्यात बोल्या येतात. वरची बोली ४,२० आली तर तुम्हाला ३,७० सांगायचे. मधले ५० हजार मॅनेजरच्या हातात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, तसंच हे. फक्त इथं जनावराचा मालकच रुमालाबाहेर उभा असतो.

म्हणून औसा रोडच्या ब्रोकरचे ४,१५ फार कामाचे आहेत. तोच ब्रोकर किंवा त्याचा जोडीदार शोरूमच्या ग्रुपवरही असणार. बाजार ४,१५-४,२० चा आहे हे तुम्हाला कळलं. शोरूमनं ३,९५ आणि वर बोनस वेगळा दिला तर तो सौदा वाईट नाही, कारण ब्रोकर बोनस देत नाही. महिनाअखेरीला जा. टार्गेट दोन-तीन गाड्यांवर अडलेलं असेल तर मॅनेजर स्वतः उठून येतो. पितृपक्षात शोरूम ओस असतं, तेव्हाही सुटतं, ज्यांना चालतं त्यांनी बघावं. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या तीन मुहूर्तांना मात्र एक्स्चेंजच्या भावात घासाघीस करायला जाऊ नका. लोक रांगेत असतात, तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो.

आता गाडी कशी बघतात ते सांगतो. लोक बॉनेट पुसून आणतात. मी बॉनेट सगळ्यात शेवटी उघडायचो. आधी दरवाजाचं रबर ओढायचं आणि खालचे वेल्डचे ठिपके बघायचे. कंपनीचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर असतात. गॅरेजमध्ये पिलर ओढून बसवला असेल तर ते वाकडेतिकडे होतात किंवा लांबीखाली (पुट्टीखाली) जातात. मग बॉनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट. पाना लागला की बोल्टच्या कोपऱ्यावरचा रंग उडतो, तो लपत नाही. मग एप्रन, म्हणजे बॉनेटखालचा आतला पत्रा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायचं, डिझेलमध्ये तिथून धूर किती फेकतोय त्यावर इंजिनची तब्येत कळते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३२२१ म्हणजे २०२१ च्या ३२ व्या आठवड्यातला टायर. टायर घासलेले नसले तरी जुने असले की चारही टायरचे पैसे कापले जातात. मीटर मागे घेतलेलं असेल तर कंपनीच्या सिस्टीममध्ये चेसिस नंबर टाकला की मागच्या सर्व्हिसचे आकडे समोर येतात.

२०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरानंतर अजून एक तपासणी वाढली आहे. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढतात. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ सापडली की गाडी पाण्यात होती. मग सीटच्या रुळांचा गंज, कार्पेटखाली हात घालून ओल, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात माती. सीना, सिंदफणा, मांजरा, गोदावरी या काठांवरच्या गावांचा पत्ता आरसीवर दिसला की इव्हॅल्युएटर आधीच शंकेनं बघतो. गाडी कोरडी होती तर पुरानंतरच्या सर्व्हिसचं बिल काढून ठेवा, तेवढं पुरतं.

आणि विकण्याआधी गाडीला रंग मारू नका. ओरखडा दिसला तर बंपरचे किंवा पॅनेलचे तीन-साडेतीन हजार कापतात. ताजा रंग दिसला तर खाली काय झाकलंय म्हणून वीस हजार कापतात. आमच्याकडच्या उन्हानं पिवळे पडलेले हेडलाइट पॉलिश करून घ्या, गाडी आतून धुवा, डॅशबोर्डवरचा दिवा पेटलेला असेल तर त्याचं कारण काढा. दुसरी चावी शोधा. ती नसली की सरळ काही हजार गेले. लोकांना हे माहीत नसतं आणि चावी कपाटात पडलेली असते.

कापूसकोंड्या, माजलगाव

एवढं कशाला करायलेत राव. शोरूमच्या नादी लागायचंच नाही, सरळ गिऱ्हाइकाला विका. डिझेल डिझायर म्हणल्यावर ४,७०-४,८० कुठंच गेले नाहीत. मारुतीनं २०२० मध्येच डिझेल बंद केलं, त्यामुळं ज्याला लांबची पळापळ आहे तो अशी गाडी हुडकतच असतो.

मांजराकाठचा

कापूसकोंड्या, तुमचं पटतंय. गिऱ्हाईक आहे का कुणी?

कापूसकोंड्या, माजलगाव

आहे की. माझा मेहुणा. दोन लाख आत्ता, बाकीचे कापूस गेल्यावर.

गोदातीर, नांदेड

😂 हेच. आमच्या भावकीत एक बोलेरो अशीच गेली. पैसे अजून सोयाबीनच्या भावाची वाट बघायलेत. भाव वाढंना, पैसे येईनात, आणि लग्नाकार्यात दारात तीच बोलेरो उभी. नातेवाइकाला गाडी विकायची तर दान केली समजून विकायची.

धाराशिवचा, सध्या पुणे

थोडं गंभीर लिहितो. घरगुती गिऱ्हाइकाला विकलं तर आकडा जास्त मिळतो हे खरंच, पण आपल्याकडच्या गावांत जुन्या गाडीला हंगाम असतो. सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की गिऱ्हाईक निघतं. पेरणीच्या तोंडावर, जूनमध्ये, गाडीला 'बघू' याशिवाय उत्तर मिळत नाही. शोरूमचा एक्स्चेंज बारा महिने चालतो, त्याच सोयीचे पैसे ते कापतात.

आणि आता शोरूमवाले दोन गोष्टी सांगून भाव पाडतायत. त्यातली एक खरी, एक खोटी.

खरी गोष्ट अशी की २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरचा सेस गेला. चार मीटरच्या आतली, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतची गाडी यात बसते. पेट्रोल हॅचबॅकवर पूर्वी २९ लागायचे, आता १८. म्हणजे एक्स-शोरूम किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी उतरली. नवी स्वस्त झाली की जुनी त्याच्या मागं खाली येणारच. हे मान्य करा, त्यावर भांडू नका.

खोटी गोष्ट. 'सरकारनं जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लावला, म्हणून तुमचा भाव कमी.' जानेवारी २०२५ पासून १८ टक्के झालेत हे खरं, पण ते डीलरच्या नफ्यावर आहेत, तुमच्या गाडीच्या किमतीवर नाहीत. त्यानं तुमची गाडी ३,७० ला घेऊन ४,२० ला विकली तर ५० हजारांवर १८ टक्के, म्हणजे ९ हजार. आणि आधी हा दर मोठ्या गाड्यांना १८ होताच, छोट्यांना १२ होता. त्यामुळं नव्यानं वाढलेला बोजा याच उदाहरणात ३ हजारांचा. आपण स्वतःची घरची गाडी विकतो तेव्हा आपल्याला जीएसटीच लागत नाही.

तिसरी एक थाप डिझेलवाल्यांसाठी राखून ठेवलेली असते. 'दहा वर्षं झाली की डिझेल बंद होणार.' तो नियम दिल्ली आणि भोवतालच्या एनसीआरचा. महाराष्ट्रात खासगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं आणि पुढं फिटनेस बघून नूतनीकरण होतं. तुमच्या २०१८ च्या गाडीला अजून बरीच वर्षं आहेत.

पुण्यात आणून विकावी का असंही कुणी विचारेल. ऑटोमॅटिक हॅचबॅक असेल तर हो. डिझेल, बोलेरो, स्कॉर्पिओ, पांढरी अर्टिगा यांना माझ्या मते तिकडंच जास्त भाव आहे. पुण्यातले ब्रोकर अशा गाड्या उचलून लातूर-नांदेडलाच पाठवतात.

परभणीची लेक

इथंच विचारते, वेगळा धागा काढत नाही. गाडी बाबांच्या नावावर आहे, बाबा मागच्या वर्षी गेले. शोरूमला गेले तर तो म्हणाला, 'मॅडम, कागद अडकलेत, त्यामुळं ६० हजार कमी होतील, पण आम्ही सगळं बघून घेऊ, तुम्ही फक्त सह्या करा.' बाबांच्या नावाच्या फॉर्मवर मी कशी सही करू, असं विचारलं तर हसला. आणि बोलणं माझ्याशी नाही, सोबत आलेल्या मामांशी चाललेलं.

बीडचा वकील

ताई, त्या फॉर्मवर सही अजिबात करू नका. मयत माणसाची सही म्हणजे सरळ बनावट कागद, आणि पुढं विमा किंवा अपघाताचा प्रश्न आला तर ते तुमच्यावर येईल, शोरूमवर नाही.

मालक वारले तर आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ चा अर्ज द्यायचा, अशी तरतूद आहे. मुदत उलटली म्हणून गाडी बुडत नाही, उशिराचे पैसे भरून होतं. मृत्यूचा दाखला, आरसी, चालू विमा, बाकी वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, तुमचा पत्ता आणि ओळख, हे घेऊन परभणीच्या आरटीओत जा. गाडी आधी तुमच्या किंवा आईच्या नावावर करा, मग एक्स्चेंजला न्या. ६० हजार वाचवायला हा खर्च काहीच नाही. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो, नव्या गाडीला तो लावून घ्या.

आणि नाव चढल्यावर बोनसचंही सोपं होईल. बहुतेक कंपन्या जुनी आणि नवी गाडी एकाच नावावर किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात असेल तरच बोनस देतात.

आता सगळ्यांसाठी. एक्स्चेंजमध्ये लोक भावासाठी तासन् तास भांडतात आणि गाडीची चावी देताना नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून मोकळे होतात. गाडी मग या ब्रोकरकडून त्या ब्रोकरकडे फिरते, आरसी तुमच्याच नावावर. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याकडूनच. त्या खटल्यात गाडी हातोहात बऱ्याच जणांकडे गेली होती, तरी पहिला नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला गेला. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. कळवणं तुमच्या हातात आहे, ते तरी करा.

एप्रिल २०२३ पासून एक चांगली सोय झाली आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता घेता येते. अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद होते आणि तिथून पुढं तो मालक मानला जातो. तुमच्या शोरूमकडे किंवा त्याच्या ब्रोकरकडे ही अधिकृतता आहे का, हा प्रश्न भावाच्या आधी विचारा. नाही म्हणाला तर नाव बदललेली आरसी येईपर्यंत काही रक्कम अडकवून ठेवायची, असं कागदावर घ्या.

वाळूज शिफ्टवाला

वकीलसाहेबांचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या मित्राची गाडी एका शोरूमनं घेतली, नाव घेत नाही. नंतर समृद्धीवरचे वेगाचे चलान त्याच्या मोबाईलवर यायला लागले. शोरूमला फोन केला तर 'ब्रोकरला सांगतो'. ब्रोकरचा फोन लागंना. शेवटी चलान ह्यानंच भरले, कारण नव्या गाडीच्या कामासाठी आरटीओत गेला तर तिथं थकबाकी दिसायली.

माझं स्वतःचं वेगळंच. बुकिंगच्या वेळी जुन्या गाडीचे २,९० ठरले. दसऱ्याला डिलिव्हरी. आई, बायको, पोरं, सगळे नटून आलेले, नव्या गाडीला हार, लिंबू चाकाखाली, पुजेचं ताट तयार. आणि इव्हॅल्युएटर मला बाजूला घेऊन म्हणतो, 'सर, इंजिनला ऑइल लिकेज वाढलंय, १५ हजार कमी करावे लागतील.' लिकेज बुकिंगच्या दिवशीही होतं, त्यानंच लिहिलेलं. पण आईसमोर भांडायचं का? त्यांना ते बरोबर माहीत असतं. दिले सोडून. काय करणार होतो?

माजी इव्हॅल्युएटर

शिफ्टवाले भाऊ, हा डाव जुना आहे. डिलिव्हरीच्या दिवशी गिऱ्हाईक परत जात नाही, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवलेलं.

यावर औषध बुकिंगच्या कागदावरच. जुन्या गाडीची ठरलेली रक्कम, त्या दिवशीचा मीटरचा आकडा, भाव किती तारखेपर्यंत पक्का आणि तोवर किती किलोमीटर चालवली तर चालेल, एवढं लिहून घ्यायचं आणि मॅनेजरची सही. इव्हॅल्युएशन शीटचा फोटो काढून ठेवा. त्यावर आधीचे दोष लिहिलेले असतात, तेच दोष परत दाखवता येत नाहीत. आणि शक्य असेल तर जुनी गाडी नव्याच्या डिलिव्हरीआधी दोन दिवस देऊन टाका. पूजेच्या वेळी मग बोलण्यासारखं काही उरत नाही.

दुसरं. बोनस कंपनीचा असतो, शोरूमचा नाही. जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर गेल्याचा पुरावा कंपनीला दिला की तो शोरूमला मिळतो. त्यामुळं काही शोरूम असंही करतात की तुम्ही गाडी बाहेर, तुमच्या ब्रोकरला विका, नाव बदललेल्या आरसीची कॉपी आणून द्या, बोनस आम्ही देतो. मांजराकाठचे दादा, औसा रोडच्या ४,१५ वर हे जमलं तर तुमचे २५ हजार वरचे. विचारायला काय जातंय.

मांजराकाठचा, लातूर

सगळ्यांचे आभार. विचारलं. पहिल्या शोरूमचा मॅनेजर आधी 'आमच्याकडं नाही चालत' म्हणाला. ब्रोकरचा लेखी भाव दाखवल्यावर 'कंपनीला विचारून सांगतो' वर आला, आणि संध्याकाळी त्याचाच फोन. बाहेर विकायची गरज नाही सर, आम्हीच ४,०२ देतो, बोनस वेगळा, ३५ ची सूट तशीच. म्हणजे ४,६२ आणि इन्शुरन्स ४१, उरले ४,२१. बाहेर विकून बोनस आणायचा तर ४,३४ होतील, १३ हजारांचा फरक. पण ब्रोकर पूर्ण रक्कम रोख देतो म्हणतोय.

बीडचा वकील

रोख घेऊ नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला असतो, घेतलेल्या रकमेएवढाच. ब्रोकर नाही, तुम्ही अडकाल. तुकडे करून घेतले तरी व्यवहार एकच धरला जातो. बँकेत टाकतो म्हणाला तरच पुढं जा. नाहीतर १३ हजार सोडा.

मांजराकाठचा, लातूर

मग शोरूमलाच देतो. एक राहिलं. माझ्या पॉलिसीत ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची सूट) आहे. शोरूमचा माणूस म्हणतोय, विमा गाडीसोबत जातो, त्याचा विचार करू नका.

गोदातीर, नांदेड

हे फार लोक सोडून देतात. पॉलिसी गाडीसोबत जाऊ शकते, नो क्लेम बोनस मात्र माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी दिल्याचा कागद विमा कंपनीला दाखवा आणि बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागा. ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळेल, थर्ड पार्टीवर नाही. ४१ हजारांत नुकसानीचा भाग समजा २० असेल तर १० हजार वाचले.  मात्र ते पत्र नव्या पॉलिसीच्या आधी हातात पाहिजे, शोरूमवाले नंतर बघू म्हणतात आणि पूर्ण हप्ता लावून मोकळे होतात.

परभणीची लेक

मी आज आरटीओत जाऊन आले. प्रतिज्ञापत्राचा नमुना मिळाला, भावानं आणि आईनं सह्या करायच्या आहेत. शोरूमला फोन करून सांगितलं की दोन महिन्यांनी माझ्या नावावरची गाडी घेऊन येते. यावेळी मामांना नेणार नाही. 🙂

धाराशिवचा, सध्या पुणे

ताई, तोवर गाडी रोज थोडी चालू ठेवा, बॅटरी उतरली की तिचेही पैसे कापतील.

मांजराकाठचा, लातूर

शनिवारी गाडी देतोय. कागदावर काय काय घेऊ? एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) कधीच उतरलेली आहे, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ त्याच वेळी झालं होतं. आरसीवर बोजा नाही.

माजी इव्हॅल्युएटर

गाडी ताब्यात घेतल्याची पावती, त्यावर तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा. वेळ लिहायला विसरतात, आणि त्याच दिवशी दुपारी चलान पडलं तर भांडण लागतं. मीटरचा आणि गाडी शोरूमच्या दारात उभी असल्याचा फोटो. ई-चलान बाकी आहे का ते आधीच बघून भरून टाका, नाहीतर ते रकमेतून कापतील आणि पावती देणार नाहीत. फास्टॅग काचेवरून काढून बँकेला फोन करून बंद करायचा, नुसता काढून चालत नाही. २०१९ च्या आधीची गाडी आहे म्हणजे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवलेली असेलच, नसेल तर शोरूमवाला ७४५ अधिक जीएसटीच्या प्लेटसाठी दोन हजार लावेल. डिकीतला जॅक आणि पाना त्यांना द्या, आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये जुनी बिलं, आधारची झेरॉक्स, काही राहिलंय का बघा.

फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव भरलेलं असेल तरच सही. कोऱ्यावर नाही. शोरूम अधिकृत असेल तर २९सी ची नोंद तुमच्यासमोर करायला लावा, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. पोर्टल बंद आहे म्हणाला तर एक चावी द्या. दुसरी सोमवारी, नोंद झाल्यावर.